दोघींचा एकच नवरा

कलकत्त्यात खिदिरपूरला आमच्या खालच्या मजल्यावर गोदीतला एक क्रेनवाला राहायचा. त्याला बायका दोन, आणि तेव्हा कायद्याचीही त्याला आडकाठी नव्हती. एके दिवशी त्याच्या मनाने घेतलं, ख्रिस्ती व्हायचं. पाद्री म्हणाले, आधी धाकटीला सोड, मग बाप्तिस्मा.

दोघी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत आमच्याकडे आल्या. आई हळदीकुंकवाला दोघींना शेजारी शेजारी बसवायची. ती अशी भडकली, की हातातल्या लाटण्यासकट चर्चकडे निघाली. मागे त्या दोघी, आणि त्यांच्या मागे उड्या मारत मी!

मोडक्यातोडक्या बंगालीत आईने पाद्रींना विचारलं, "त्याला दोन बायका, हे पाप ना? पण या दोघींना नवरा एकेकच आहे. मग यांना घ्या!"

पाद्री लाटण्याकडे बघत राहिले आणि एकदम खो खो हसत सुटले.

महिन्याभरात दोघींचा बाप्तिस्मा झाला. हौस ज्याची, तो मात्र दर रविवारी दोन्ही कडेवर दोन पोरं घेऊन चर्चबाहेर उभा. पण आत गाणं सुरू झालं, की सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच असायचा.