दादांच्या रंगाच्या पट्ट्या

भिंतीवरचा दादांचा फोटो आईला कधीच पटला नाही. दादा म्हणजे माझे वडील; ते गेले तेव्हा मी रांगत होते. स्टुडिओवाल्याने घाईत तो मोठा करून दिला आणि देताना चेहरा उजळवला. "तुझे दादा असे नव्हते गं. दिवसभर उन्हात, टेलिफोनच्या खांबांवर. यानं साबणच लावलाय त्यांना," असे आई दर पौर्णिमेला हार बदलताना म्हणायची.

मागच्या वर्षी तिच्या ट्रंकेत मूळ निगेटिव्ह सापडली. त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितले की तिची स्मृती आता उतरतच जाणार. मी कामांची यादी केली. सगळ्यात वर लिहिले: आईला ओळखता येतेय तोवर दादांचा खरा चेहरा कागदावर आणायचा.

निगेटिव्ह स्कॅन करून वारजेच्या फ्लॅटमधल्या जुन्या इंकजेटवर छापली, तर दादा हिरवट आले. हा प्रिंटर रंगीत शाया मिसळूनच करडा बनवतो. नुसत्या काळ्या शाईने छापले, तर गालांवर ठिपके. मग रंगीत शाया काढून त्यांच्या जागी फिक्यापासून गडदपर्यंत करड्या शाया भरायचे ठरवले.

सदाशिव पेठेतल्या दुकानदाराने माझी यादी वाचली. "चांगला रंगीत प्रिंटर काळा-पांढरा करताय? लोक उलटं करतात."

"शाई आहे का?"

"आहे. तुम्हाला पश्चात्ताप झाला तर दुकान नऊपर्यंत उघडं असतं."

आतला जुना रंग धुऊन काढला, नवी शाई भरली आणि पट्ट्या छापल्या. प्रत्येक पट्टीवर तोच चेहरा, फक्त आधीपेक्षा जरा गडद. आई एकेक पट्टी खिडकीशी नेऊन बघायची. "हे नाहीत. कपाळ राहू दे, टोपी असायची ना. गाल अजून रापलेले हवेत." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हां, आता जवळ आलीस. अजून थोडं."

आणि मधली करडी शाई प्रिंटरच्या हेडमध्ये, शाई फवारणाऱ्या भागात, सुकून अडकली. नेमकी गालांची. चेहऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटू लागल्या. हेड धुतले, भिजत ठेवले, शेवटी नवे मागवले. मॉडेल जुने, त्यामुळे ते येईपर्यंत दिवाळी उलटली. तोवर आई आधी गॅस बंद करायला विसरू लागली आणि मग माझे नाव.

नवे हेड बसवले, रेघा गेल्या. तिने सांगितले होते तसे गाल अजून थोडे गडद केले आणि प्रत तिच्या हातात दिली. तिने पाहिले आणि डोक्यावर पदर घेतला.

"अहो बाई, पाहुणे आलेत. पाणी द्या त्यांना."

"आई, दादा आहेत."

"काहीतरीच. ते काय, तिथे आहेत ना," असे म्हणून तिने भिंतीवरच्या गोऱ्या माणसाकडे बोट दाखवले.

शाई पुन्हा सुकू नये म्हणून मी दर रविवारी एक पट्टी छापते. प्रिंटर उत्तम चालतो. पट्ट्या टेबलावर ओळीने मांडते. सगळ्या स्वच्छ, एकीवरही रेघ नाही. "अजून थोडं" म्हणजे किती, हे मला कळत नाही. यांतले दादा कोणते, हे मी सांगू शकत नाही, आणि सांगू शकेल असे आता कोणी उरलेले नाही.

आतून आई विचारते, "पाहुण्यांनी पाणी घेतलं का हो?"

"घेतलं," मी सांगते आणि पट्ट्या फाइलला लावते.