सोडलेल्या विटा

पुण्याला निघालो तेव्हा मलकापूरच्या फाट्यापर्यंत माझी बॅग धाकट्या भावानं, संपतनं, उचलली होती. एसटी आली तशी बॅग आत सरकवून तो मागं वळला. सुटलास एकदाचा, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला ते तेव्हाच खटकलं.

घर आबांनी, आमच्या वडिलांनी, फौजेतून आल्यावर बांधलं. नदीकाठच्या पोयट्याच्या विटा आमच्याच रानात पाडल्या, तिथंच भट्टी लावली. दीड हात जाड भिंती आणि गिलावा नाही; वीट दिसली पाहिजे हा त्यांचा हट्ट. पूर्वेच्या भिंतीच्या टोकाला मात्र त्यांनी एकाआड एक वीट बाहेर काढून ठेवली होती, पुढं माझी खोली सांधायला. फोनवर दरवेळी तेच सांगायचे, "तुज्या खोलीसाठी इटा सोडल्यात रं. ये मागारी कवातरी." मी हो म्हणायचो आणि सोसायटीच्या मीटिंगला जायचो.

आबा गेले. गावात राहिलेल्यांनो, रान तुम्ही राखलंत, मान्य. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, गणपतीला येऊन विटांचे फोटो काढण्यापलीकडे आपण काय केलं तेही बोला. पण यंदा रिटायर होऊन गवंडी घेऊन गेलो, तर त्या विटाच नव्हत्या. संपतनं त्या ग्राइंडरनं कापून वर सिमेंटचा गिलावा मारला होता. मला इतका राग आला की घरात पाणीसुद्धा प्यालो नाही.

विचारलं तर शांतपणे म्हणाला, "दादा, तीस वर्सं त्या खाचांतनं पावसाचं पानी आमच्या हातरुनात आलं. तू खोली बांधाया न्हाई आलास."

खरं असेल. तरी मी त्याला माफ केलेलं नाही. जुन्या भिंतीत नवी सांधायची सोय उरली नव्हती, म्हणून चार बोटं सोडून वेगळी भिंत उचलली. फटीत पाणी मुरून दोन्ही घरं ओल धरतील, निदान वरून पत्रा ठोकून ती झाका, असं गवंड्यानं दोघांनाही बजावलं.

"माज्या भिताडाला खिळा मारायचा न्हाई," संपत म्हणाला.

मीही म्हटलं, मला गरजच नाही.

खोली झाली, चारही भिंती माझ्या. पावसाळा लागल्यापासून पलंगामागं पाणी झिरपतं. पलीकडं संपत पोत्यानं जमीन पुसताना ऐकू येतो, अलीकडं मी पुसतो. हाक कुणीच मारत नाही. घर म्हणजे आता एवढंच, आणि ते सोडून मी कुठं जाणार नाही.