बरकतपुऱ्यातल्या दोन खोल्या

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. घरमालक वरच्या मजल्यावर. ते आणि माझे वडील, अण्णा, एकाच सरकारी कचेरीत कारकून. अण्णा नोकरीत जुने, मालक त्यांच्यामागून लागलेले. दोघंही मराठी, म्हणून मालकांना आम्ही काका म्हणायचो. मेलं ते काकापण!

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, आणि मराठी नोकरांना विचारणा झाली: इथंच आंध्रात राहता, की मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात जाता? आईला औरंगाबादला जायचं होतं. तिचे भाऊ तिथं. इथं नळावर तेलुगू बायकांशी रोज हातवारे करून बोलायचा तिला वीट आला होता. "आपल्या माणसांत जाऊ हो," ती अण्णांच्या मागंच लागली होती.

काका रोज संध्याकाळी खाली यायचे. "कशाला जाता, अण्णा? मीसुद्धा इथंच राहणार. खोल्या तुमच्याच समजा. मी असेपर्यंत तुम्हाला कोण हलवतंय?" अण्णा लगेच विरघळायचे. भाडेकरूला दुसरं काय ऐकायचं असतं?

फॉर्म इंग्रजीत होता. अण्णांचं सगळं शिक्षण उर्दूत, कचेरीतले कागदही त्यांनी उर्दूतच लिहिलेले. इंग्रजी काकांना यायचं. आमच्याच ओट्यावर बसून, आईच्या हातचा चहा पीत, त्यांनी अण्णांचा फॉर्म भरला. 'आंध्र' लिहिलं, वाचून दाखवलं, आणि अण्णांनी खाली झोकात उर्दू सही ठोकली. आईला कुणी विचारलंसुद्धा नाही.

याद्या लागल्या, तर काकांचं नाव औरंगाबादच्या यादीत! तिथं हेडक्लार्कची एकच जागा होती, आणि ती जुन्या माणसाला मिळायची. अण्णांनी औरंगाबाद मागितलं असतं, तर त्यांनाच मिळाली असती. अण्णा साहेबाकडे धावले. साहेब म्हणाला, "अब कुछ नै होता, मियाँ."

महिन्याभरात काकांनी घरही विकलं. नव्या मालकाला आमच्या खोल्या लेकासाठी हव्या होत्या. पार गावाबाहेर, तारनाक्याच्या पुढं कशीबशी एक खोली मिळाली. "तुमचे काका!" असं म्हणत आई एकेक भांडं पोत्यात आपटायची. काय घडलं ते सगळं तिनं मला सांगितलं होतं.

काका निघाले त्या दिवशी अण्णा मला घेऊन काचीगुडा स्टेशनवर गेले. मला वाटलं, आता चांगले झाडतील. झाडतात कसले! काकांची ट्रंक स्वतः उचलून डब्यात ठेवली. "सुट्टीत या बरं का," काका म्हणाले. अण्णांनी मला पुढं ढकललं. "पाया पड काकांच्या."

सगळं ठाऊक असून मी पडले. आज म्हातारी झाले, तरी ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.