पालथा मिस्त्री

कुणाच्याही घरी गेला की मिस्त्री आधी पालथा पडायचा. चहा नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. पिशवी भिंतीला टेकवायची, टोपी खिशात कोंबायची आणि सरळ जमिनीला गाल लावायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याला फिट आली असं समजून आई कांदा आणायला धावली. खालून आवाज आला, "कांदा राहू द्या वयनी. मी घराचा वास घेतोय." शेणवे गावाच्या बाजूचा हा सुतार पंचक्रोशीत पालथा मिस्त्री म्हणूनच ओळखला जाई. त्याचं खरं नाव मला कळलं ते त्याच्या बाराव्याला.

आमचं शहापूरचं घर एका लाकडाच्या ठेकेदाराने स्वतःसाठी बांधलेलं. लाकूड घरचंच, म्हणून त्याने माजघरात मातीची जमीन न करता उंच दगडी जोत्यावर ऐनाच्या तुळया टाकल्या आणि त्यांवर सागाच्या फळ्या ठोकल्या. फळ्यांखाली दीड हात पोकळी. पोकळीत वारा खेळावा म्हणून जोत्याला पुढून तीन आणि मागून तीन झरोके. आजोबांनी ते घर विकत घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं त्या झरोक्यांचा उपयोग मांजरीखेरीज कुणालाच कळला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझे वडील, म्हणजे तात्या, तालुक्याच्या राजकारणात थोडेफार होते. एक मंत्री घरी चहाला येणार असं ठरलं. मंत्र्यांचे पाय मातीला लागू नयेत म्हणून तात्यांनी अंगणात भर टाकून हातभर उंच कोबा केला. पुढचे तिन्ही झरोके त्यात गाडले गेले. मधल्या झरोक्याच्या बरोबर वर जोत्यात संगमरवरी पाटी बसवली: अमुक यांच्या शुभहस्ते या अंगणाचे उद्घाटन. मंत्री आले नाहीत. त्यांचे सहायक आले, सरबत प्यायले आणि पाटीवरचं शुद्धलेखन तपासून गेले.

दोन पावसाळ्यांत माजघराला ओल धरली. फळ्यांच्या फटींतून पांढरी बुरशी वर आली, चालताना जमीन दबायला लागली. आईला दम्याचा त्रास होताच. तिचा पलंग माजघरात असे. त्या वर्षी गणपतीनंतर तिला चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली. डॉक्टरांनी औषधं बदलली. तात्यांनी फळ्यांना व्हार्निश मारून घेतलं.

मग मी मिस्त्रीला बोलावलं. वास घेऊन झाल्यावर त्याने एक फळी उचकटली आणि तुळईच्या टोकात पटाशी खुपसली. खोबऱ्याच्या वडीत जावी तशी ती आत गेली. तात्या म्हणाले, "वरून पाणी गळत असेल. कौलं बघ."

"कौलं चांगली हायेत तात्या. ओल पाण्यानं नाय आली. वारा बंद झाला म्हून आली." त्याने मागच्या झरोक्याशी नेऊन आम्हाला बिडी पेटवून दाखवली. धूर झरोक्यासमोर नुसता लोंबकळत राहिला. "बघा. मागून आत जाया बघतो, पुढनं बाहेर पडाया वाट नाय. तुमचा कोबा फोडाया लागंल."

"कोबा फोडायचा नाही," तात्या म्हणाले. "लाकूड बदल."

मिस्त्री वाद घालत नसे. वाद घालायला उभं राहावं लागतं, आणि त्याला ते आवडत नसे. पंधरा दिवस तो पोटावर पडून काम करत होता. तुळयांची कुजकी टोकं कापली, जुन्या ऐनाचे तुकडे सांधले, टोकांना गॅरेजमधलं जळकं ऑइल पाजलं, खाली दगड सारले. एका तुळईखाली मात्र त्याने तात्पुरत्या विटा ठेवल्या. आणि सगळ्या फळ्या ठोकून झाल्यावर एक ठोकली नाही, भिंतीला टेकवून ठेवली. त्या विटांच्या जवळची, नेमकी तात्यांच्या आरामखुर्चीपुढची.

"ही का ठेवलीस रे?" तात्यांनी विचारलं.

"वारा येल तवा ठोकीन," असं म्हणून तो एस.टी.ने निघून गेला.

दोन महिने ते भोक तसंच राहिलं. भेटायला येणारे कार्यकर्ते पाय वर करून ते ओलांडत आणि "हे काय तात्या?" विचारत. तात्या "काम चालू आहे" म्हणत. दरम्यान आईने आपला पलंग स्वयंपाकघरात हलवला. चुलीचा धूर तिथला, पण म्हणाली, "इथला धूर दिसतो तरी."

मिस्त्री चौकशीला आला तेव्हा पलंग हललेला पाहून थांबला. त्या दिवशी तो पालथा पडला नाही. मी त्याला तात्यांसमोर ताठ उभा पाहिला तो तेवढाच.

"तात्या, तुमी मोठी मानसं. पन पाटीवर ज्याचं नाव लावलं तो आला नाय, आन् जी घरात हाय ती आपल्या खोलीतून बाहेर गेली. बघा बा."

तात्यांनी वर्तमानपत्र उलटलं. चार दिवसांनी सकाळी मी मुरबाडला शाळेत शिकवायला निघालो, तर तात्या धोतर खोचून, पहार घेऊन अंगणात. जोत्याच्या कडेने दोन हात रुंद कोबा फोडून झाला होता. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "पाणी जायला चर काढतोय. माझ्या डोक्यात केव्हापासून होतं."

मिस्त्री आला तेव्हा शेजारीपाजारी जमलेच होते. तो त्यांना म्हणाला, "आयडिया तात्यांची. मी आपला लाकडाचा मानूस."

झरोके उघडल्यावर त्याने मागे जाऊन बिडी पेटवली. धूर क्षणभर थबकला आणि मग कुणी ओढून घ्यावा तसा आत गेला. झरोके मोकळे करताना निघालेली पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. मिस्त्रीने ती विटांच्या जागी तुळईखाली सारली, अक्षरं खाली करून. "संगमरवर हाय, ओल वर चढू देनार नाय." तात्या बघत होते. म्हणाले, "नीट बसव, हलता कामा नये." त्या नावाने आमच्या घरासाठी केलेलं हे एकमेव काम.

आईचा दमा गेला नाही; तसे दमे जात नाहीत. पण होळीपर्यंत ती माजघरात परतली आणि पुढे अकरा वर्षं तिथेच झोपली.

शेवटची फळी मात्र मिस्त्रीने ठोकलीच नाही, नुसती बसवली. "दरसाल पाऊस सरला की उचला मास्तर, हात घालून बघा. ठोकली की मानूस बघाचं सोडतो." तो होता तोवर दसऱ्याच्या आसपास स्वतःच येई, पालथा पडे, मग चहा घेई. एका वर्षी आला नाही. दिवाळीनंतर त्याचा मुलगा बाराव्याचं सांगायला आला.

आता ते काम माझ्याकडे आहे. फळी उचलतो, गुडघ्यांची परवानगी घेऊन पालथा पडतो, पाटीपर्यंत हात घालतो. कोरडी असते. बिडी मी ओढत नाही, म्हणून मागच्या झरोक्याशी उदबत्ती लावतो. रिटायर झाल्यावर मास्तर जोत्याची पूजा करायला लागले असं शेजाऱ्यांना वाटतं. मी खुलासा करत नाही. धूर आत गेला की उठतो.