गोरेपान ब्लॅककाका

ब्लॅककाका रंगाने माझ्याहून चांगले गोरे होते. डोळे घारे, नाक धारदार, आणि न्यू जर्सीच्या उन्हाळ्यात कपाळ टोमॅटोसारखं लाल व्हायचं. हा माणूस आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत उभा राहून, शेजारच्याला सहज सांगायचा, "आम्ही ब्लॅक लोक. काय समजलास?" शेजारचा नुकताच पुण्याहून आलेला असला की हातातली प्लेट तशीच धरून उभा राहायचा. मागून सगळे त्यांना ब्लॅककाका म्हणत. ते कळल्यावर काका चिडले नाहीत. उलट इतके खूश झाले की आम्हीच ओशाळलो.

काका मूळचे वाईचे. विशीत इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका गिरण्यांच्या गावात पस्तीस वर्षं सिटी बस चालवली. काकू गेल्यावर ते मुलीकडे, नीलिमाकडे, आले. तिचं घर आमच्या शेजारी, आयसेलिनच्या देशी दुकानांपासून दहा मिनिटांवर. बस चालवून उरलेला सगळा वेळ त्यांनी तिकडच्या एका राजकीय पक्षाला दिला होता. नगरपालिकेची उमेदवारी त्यांनी तीनदा मागितली. दर वेळी एकच प्रश्न: तुमच्या समाजाची मतं किती? गुजराती इच्छुक अख्खे रस्ते मोजून दाखवायचा, पंजाबी इच्छुक गुरुद्वारा दाखवायचा. "मी म्हटलं, मराठी घरं चार," काका सांगत. "त्यातली दोन एकमेकांशी बोलत नाहीत."

त्या काळात तिकडे वेस्ट इंडीजचे, आफ्रिकेचे, आपल्याकडचे असे गोरे नसलेले बरेच लोक राजकारणात एकाच नावाखाली उभे राहायचे. ते नाव म्हणजे ब्लॅक. काकांना त्यात ओढलं डेझमंडने, त्यांच्याच डेपोतल्या जमैकाच्या ड्रायव्हरने. पक्षात आमचा वेगळा विभाग हवा, आमचे उमेदवार हवेत, म्हणून ही मंडळी वर्षानुवर्षं भांडली. पक्षाने दाद दिली नाही. पुढे एकजूटही मोडली, ज्याचा त्याचा समाज वेगळा झाला, आणि काकांच्या गावात त्या नावाला ओ देणारे दोघंच उरले. "अरे, एशियन म्हटलं की गुजराती पुढे, इंडियन म्हटलं की पंजाबी पुढे," काका म्हणायचे. "ब्लॅक म्हटलं की मी आणि डेझमंड शेजारी शेजारी. त्या शब्दात मला जागा होती." डेझमंड वारला तेव्हा काका इथे होते. जाणं झालं नाही.

नीलिमा आमच्या गावाच्या कौन्सिलला उभी राहिली आणि काकांच्या अंगात वारं शिरलं. त्यांना एकच हवं होतं, आणि ते त्यांनी मला गाडीत बसता बसता सांगून टाकलं. "तिकडे जिंकलेल्यांसाठी मी कायम खाली उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकदा आपल्या माणसाच्या शेजारी, वर स्टेजवर उभं राहायचंय." मी नागपूरचा, व्हिसावरचा, मला स्वतःला मत नाही, तरी शनिवार-रविवार काकांना घेऊन दुसऱ्यांची मतं मागत फिरलो. परतताना प्रत्येक घरापुढे त्यांचा हात मागे जायचा, फाटक लावायला. इथल्या घरांना फाटकं नसतात. "फाटक उघडं टाकलंस की मत गेलं समज," असं म्हणत ते हवेतच हात फिरवून पुढे निघायचे. पत्रकं लोकांच्या टपालपेटीत टाकायचे. इथे टपालाशिवाय काही त्यात टाकणं कायद्यात बसत नाही, हे मी चारदा सांगितलं. चारही वेळा "बरं, ब्रदर" म्हणून त्यांनी पुढच्या पेटीत टाकलं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सत्तरीच्या एका कृष्णवर्णीय बाईंनी दार उघडलं. निवृत्त शिक्षिका होत्या. काका हसून म्हणाले, "सिस्टर, आपण ब्लॅक लोकांनी एकत्र राहायला हवं." धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाईंनी विचारलं, "आपण म्हणजे कोण?" मग काकांनी पायरीवर उभं राहून डेपो, डेझमंड, तो विभाग, सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला हा शब्द हवा तेव्हा उचलता येतो आणि नको तेव्हा खाली ठेवता येतो. मला नाही येत." आणि त्यांनी हलकेच दार लावलं.

गाडीत काकांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या रे. पण मग मी इतकी वर्षं होतो कोण?" मी हीटर वाढवला.

दाराच्या घंटीत कॅमेरा होता. ते चित्रण बाहेर कसं गेलं कोण जाणे, पण सोमवारपर्यंत गावभर फिरलं, आणि फिरलं ते फक्त काकांचं पहिलं वाक्य. एका बाजूने कृष्णवर्णीय लोक विचारू लागले, नीलिमाच्या प्रचारात हा कोण थट्टा करतोय आमची? दुसऱ्या बाजूने आपलेच लोक फोन करू लागले, हे काका आपल्याला काय म्हणवताहेत? खुलासा काढणं भाग होतं, आणि तो मी लिहिला. एका व्हॉलंटियरच्या बोलण्याशी उमेदवाराचा संबंध नाही, तो यापुढे प्रचारात नसेल. नीलिमा म्हणाली, "पण, ही इज माय डॅड." मी म्हणालो, "डॅड लिहिलंस तर न्यूज होईल यार. व्हॉलंटियर लिहिलं की मॅटर क्लोज." तिने दोनदा वाचलं आणि मान हलवली.

काकांचा फोन आला. "ब्रदर, तो व्हॉलंटियर म्हणजे मीच ना?"

"हो, काका."

"इंग्रजी चांगलं लिहितोस," ते म्हणाले.

त्यानंतर ते दिवसाआड माझ्या दारात यायचे. "त्या बाईंकडे नेतोस का? मत नको. माफी मागायचीय." मी दर वेळी तेच सांगायचो, "काका, तिथे कॅमेरा आहे. इलेक्शन होऊ दे, मग जाऊ." एकदा ते चालतच निघाले. नीलिमाच्या नवऱ्याने त्यांना हायवेच्या कडेवरून परत आणलं. हात गारठले होते आणि ते त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते, मी फक्त सॉरी म्हणून येतो.

नीलिमा निवडून आली. जानेवारीत शपथ घेतली तेव्हा तिने स्टेजवरून हात करून बाबांना बोलावलं. काका शेवटच्या रांगेतून उठले नाहीत. "नको, फोटो येतील," ते मला म्हणाले, आणि टाळ्या वाजवत बसले. मग बर्फ पडला, माझ्या ऑफिसचं काम वाढलं, आणि बाईंकडे जाणं राहिलं. फेब्रुवारीत काका झोपेतच गेले. इतका राग मला स्वतःचा आयुष्यात कधी आला नव्हता.

फ्युनरल होममधल्या गृहस्थाने मृत्यूच्या दाखल्यासाठी एकेक विचारायला सुरुवात केली. नाव, जन्मगाव, व्यवसाय. बस ड्रायव्हर. मग वंशाच्या रकान्यावर येऊन त्याने विचारलं, "रेस?" नीलिमाने माझ्याकडे पाहिलं. काकांनी काय सांगितलं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्या बाई काय म्हणाल्या होत्या तेही मी ऐकलं होतं. "एशियन इंडियन," मी म्हणालो. त्याने लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. सहीशेजारी रकाना होता, मृताशी नातं. तिथे नीलिमाने 'मुलगी' लिहिलं. लिहून झाल्यावरही तिने पेन उचललं नाही. कागद फाटेपर्यंत ती तोच शब्द गिरवत राहिली.