टाकी भरल्यावर

अंबरनाथच्या कॉलेजात मी गेम थिअरी शिकवतो. समोरचा काय करेल याचा अंदाज बांधून माणूस आपली चाल कशी ठरवतो, त्याचं हे गणित. राहतो सोनिवलीला, चौथ्या मजल्यावर. आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी पंप लावायला कुणीही धावतं. पण गच्चीवरची टाकी भरून पाणी धो धो खाली पडायला लागलं, की बटण बंद करायला तळमजल्यावरच्या काकूच.

गेल्या उन्हाळ्यात काकू आठवडाभर गावी गेल्या. दुसऱ्याच दिवशी टाकी वाहायला लागली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली, एकमेकांकडे बघून परत आत गेली. माझंही गेलं. दुसरा कुणीतरी उतरेल असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून कुणीच उतरत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. तरी माझा पाय काही हलला नाही. खालच्या हौदातलं सगळं पाणी असंच वाहून गेलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे नळ कोरडे पडले.

काकू परतल्यावर मी शहाण्यासारखं विचारलं, "दर वेळी तुम्हीच का हो उठता?"

"अहो सर," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, वर तुम्हाला कुणाला ऐकूच येत नाही."