उजवीकडची सीट

अवधूत हलगेकर मूळचा बेळगावचा. आठ वर्षं मस्कतमध्ये पाइपांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली आणि १९९१ च्या डिसेंबरात तो बंगळूरला आला, तेव्हा सोबत एक गाडी घेऊन आला. बाटलीच्या काचेसारखी हिरवी, जपानी, नाकाकडे निमुळती होत गेलेली आणि पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी. दारं दोन. स्टिअरिंग डावीकडे. मागं पांढऱ्या अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवून घेतलेलं. राजाजीनगरातल्या त्या गल्लीत तोवर दोन फियाट, एक ॲम्बॅसिडर आणि स्कूटरी होत्या. पहिले आठ दिवस लोक ती गाडी बघायला येत, आणि बघून झाल्यावर आत कसं शिरायचं ते विचारत.

संध्या आणि मुलगी निधी ही आठ वर्षं बेळगावातच राहिल्या होत्या. तो दोन वर्षांतून एकदा यायचा. परत निघालेल्या एका सहकाऱ्याकडून त्यानं ती गाडी मस्कतमध्ये घेतली, ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, समुद्राच्या कडेनं फिरायला. परतताना स्वतःची वापरलेली गाडी आणता येत होती, म्हणून तीच आणली. आता चालवायला एक आणि बसायला दोघी आहेत, हे बंदरावर गाडी उतरवून घेताना त्याच्या लक्षात आलं.

संध्या गाडीभोवती एक चक्कर मारून आली. म्हणाली, “दारं दोनच? एकट्यापुरती घेतलीत काय हो?”

मागं सीट आहे की, असं तो म्हणाला. सीट होती. तिथं जायला आधी अवधूतनं उतरायचं, आपली सीट पुढं पाडायची, मग दहा वर्षांच्या निधीनं गुडघे दुमडून आत सरकायचं. निधीला ते आवडायचं. बेळगावहून आलेल्या ठकुबाई आत्या मात्र एकदा कशाबशा आत गेल्या त्या बाहेर यायला तयार होईनात. देवळासमोर गाडी उभी करायला लावून त्यांनी काचेतूनच नमस्कार केला आणि परत न्या म्हणाल्या.

गल्लीच्या तोंडाशी एक हंप होता. तिघं बसलेली असली की गाडीचं पोट त्याला घासायचं. म्हणून हंपाच्या अलीकडे मायलेकी उतरायच्या, चार पावलं चालायच्या आणि पलीकडे परत बसायच्या. शेजारचे भीमाचार्य गच्चीतून हे रोज पाहायचे. म्हणायचे, हलगेकर, गाडी तुम्हांला नेते की तुम्ही गाडीला? अवधूत हसायचा. कंपनीची बस त्याला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नेत-आणत असे. गाडी होती ती निधीच्या शाळेला, बाजाराला, येलहंक्याच्या मावशीकडे आणि मे महिन्यात बेळगावला.

खरी अडचण दारांची नव्हती. आपल्याकडे पुढच्या वाहनाला उजवीकडून मागं टाकायचं, आणि अवधूत बसलेला डावीकडे, अगदी रस्त्याच्या कडेला. पुढं लॉरी आली की तिच्या फळकुटाशिवाय त्याला काही दिसायचं नाही. दिसायचं ते उजवीकडे बसलेल्या संध्याला. ती खिडकीतून मान काढायची आणि सांगायची. तिचे शब्द तीन होते. ‘थांबा.’ ‘येतोय.’ आणि रस्ता मोकळा असला की, कन्नड वळणानं ‘ठीक’ म्हणावं तसं, ‘सरी, निघा.’ त्या शब्दासरशी अवधूत काहीही न बघता गाडी बाहेर काढायचा. बेळगावपर्यंत पाचशे किलोमीटर, येताना तेवढेच, आणि असं चार वर्षं.

राजाजीनगरचा मेकॅनिक शिवाप्पा यानं पहिल्याच सर्व्हिसिंगला उपाय सांगितला होता. उजव्या मडगार्डवर, समोरचा रस्ता दाखवेल असा उलट्या तोंडाचा आरसा बसवायचा. अण्णा, स्वल्प खर्च, म्हणाला. अवधूतनं संध्याकडे बोट दाखवून सांगितलं, आरसा आहे आमच्याकडे.

“बसवूनच घ्या,” संध्या म्हणाली. “आरशाला दर दोन तासांनी चहा लागत नाही.”

बसवला नाही.

एकदा एका सिग्नलला ट्रॅफिक पोलीस संध्याच्या खिडकीशी येऊन कन्नडमध्ये तिच्यावर ओरडू लागला. बाई अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती आणि गाडी चालली होती. तिनं मांडीवरचं ताट उचलून दाखवलं, खाली स्टिअरिंग नव्हतं. पोलिसानं वाकून डावीकडे पाहिलं आणि मूठभर दाणे घेऊन त्यांना सोडलं. ही गोष्ट त्या घरात पुढं किती वेळा सांगितली गेली, त्याला हिशेब नाही.

१९९६ च्या मार्चमध्ये संध्या गेली. कावीळ अंगात मुरली आणि तेवीस दिवसांत सगळं संपलं.

जूनमध्ये अवधूत निधीला घेऊन बेळगावला निघाला. निधी पंधरा वर्षांची होती. ती उजवीकडे बसली. तुमकूर ओलांडून शिऱ्याच्या पुढं एक लॉरी पुढं लागली. निधीनं मान बाहेर काढली. आईसारखंच, नीट वेळ घेऊन पाहिलं. म्हणाली, “सरी, निघा.”

अवधूत निघाला, पण लगेच नाही. मग निघाला तेव्हा समोर बस होती. त्यानं ब्रेक मारून गाडी लॉरीच्या मागं ओढली. बसनं उजव्या बाजूचा पत्रा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरवडून नेला. कोणाला काही लागलं नाही. त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाला, “तुझ्या आईला कळत होतं. तुला कळत नाही.”

निधी उतरली. आपली सीट पुढं पाडून मागं जाऊन बसली. सीट खटकन जागेवर आली.

कारखान्यात अवधूतचं काम चूक शोधण्याचं होतं. नापास झालेल्या प्रत्येक नगाला तो लाल चिठ्ठी बांधायचा. तिच्यावर काय बिघडलं, कुठं बिघडलं, कोणाच्या हातून बिघडलं हे लिहून खाली सही करायचा. शिऱ्याची चूकही त्यानं त्याच दिवशी, हिरियूर यायच्या आत शोधून काढली होती. मुलीनं ‘निघा’ म्हटलं तेव्हा रस्ता मोकळा होता. शब्द तेच, पण आवाज वेगळा, म्हणून त्याचा पाय क्लचवर थबकला. दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात बस वळणावरून आली. चूक त्याची होती. त्याला ती पक्की ठाऊक होती आणि त्यानं ती सांगितली नाही. पहिल्या आठवड्यात सांगितली नाही, मग सांगणं अवघड होत गेलं.

त्यानंतर दोन वर्षं बापलेक त्या गाडीतून असे फिरले: तो पुढं डावीकडे, ती मागं, आणि उजवीकडची सीट रिकामी. भांडण नव्हतं. निधी स्वयंपाक करायची, परीक्षा द्यायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. गाडीत मात्र मागं बसायची. हंपाशी आता कोणी उतरत नसे. दोघांच्या वजनाला गाडी घासत नव्हती. भीमाचार्यही काही म्हणेनासे झाले.

संध्या गेल्यापासून कंपनीच्या बसमध्ये अवधूत चढला की गप्पा थांबायच्या. म्हणून त्यानं बस सोडली आणि गाडी घेऊन जायला लागला. होसूर रोडला जी लॉरी पुढं येईल तिच्या मागं तो राहायचा. तिसऱ्या गिअरमध्ये, वीस फूट अंतर ठेवून. मागचे हॉर्न वाजवायचे आणि पुढं निघून जायचे. आठच्या पाळीसाठी तो पावणेसहाला घर सोडायचा. लॉऱ्यांच्या मागचं सगळं लिखाण त्याला पाठ झालं होतं.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये निधीला तुमकूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली. राहायचं तिथल्याच हॉस्टेलात. दुपारी एकच्या आत हजर व्हायचं होतं. अवधूतनं ठरवलं की सांगायचं ते या सत्तर किलोमीटरमध्ये सांगायचं. आज नाही तर मग ती पाहुणी म्हणून घरी येणार, आणि पाहुण्यांशी असलं बोलणं होत नाही.

त्यासाठी ती पुढं बसायला हवी होती. मागं बसलेल्या माणसाला काही सांगायचं तर आरशात बघून सांगावं लागतं. ‘पुढं बस’ म्हणायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं सकाळी तिचं सामान गाडीत भरलं. वळकटी, ट्रंक, बादली, पुस्तकांचं खोकं, सगळं मागच्या सीटवर, छतापर्यंत. दोरीनं आवळून बांधलं.

निधी हातात चपलांची पिशवी घेऊन खाली आली. तिनं मागं पाहिलं आणि पिशवी ठेवायला डिकी उघडली. डिकी रिकामी होती. झाडून पुसून रिकामी. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग पिशवी आत ठेवली, डिकी लावली आणि येऊन उजवीकडे बसली. पायाशी जागा होती तरी पाय जवळ घेऊन बसली.

यशवंतपूर गेलं, पीण्या गेलं. नेलमंगल्याच्या पुढं ग्रॅनाइटच्या लाद्या भरलेली लॉरी लागली. एका अंगाला कललेली, चढावर चालत्या माणसाइतकी हळू. अवधूत तिच्या मागं लागला. पाच किलोमीटर झाले, आठ झाले. साडेअकरा वाजून गेले. निधी डावीकडच्या शेतांकडे बघत होती, म्हणजे त्याच्या पलीकडे.

शेवटी तो म्हणाला, “बघून सांगशील काय?”

“मला कळत नाही ना, बाबा.”

तिनं हे रागानं म्हटलं नाही. शाळेचा दाखला वाचावा तसं म्हटलं. दोन वर्षं तिनं ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं.

लॉरीच्या मागच्या पाटीवर नजर ठेवून अवधूतनं सांगितलं. “शिऱ्याला तू बरोबर सांगितलं होतंस. रस्ता मोकळा होता. मी उशिरा निघालो.”

लॉरीनं गिअर बदलला, काळा धूर सोडला.

“कधी कळलं तुम्हांला?” तिनं विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. तो म्हणाला, “त्याच दिवशी.”

तिनं काच खाली केली आणि मान बाहेर काढली. “थांबा,” ती म्हणाली. समोरून एक टँकर गेला. “थांबा अजून.” एक बस गेली, तिच्या मागून दोन मोटारसायकली. अवधूतचा उजवा हात गिअरवर होता, पाय क्लचवर तयार होता. या वेळी शब्द कानावर पडताक्षणी निघायचं, हे त्यानं ठरवलं होतं.

दाबसपेटच्या अलीकडे दगड कापण्याच्या कारखान्याचा फाटा आला आणि लॉरी डावीकडून हात दाखवून आपली आपणच वळून गेली. पुढं मोकळा रस्ता होता. निधीनं काच वर केली. ‘निघा’ म्हणायची वेळ आलीच नाही.

साडेबाराला ते हॉस्टेलवर पोहोचले. सामान काढताना दोरीची गाठ सुटेना. निधीनं ती दातांनी सोडवली. वॉर्डननं वडिलांना व्हरांड्याच्या पुढं येऊ दिलं नाही. निधी परत बाहेर आली, वाकून नमस्कार केला. डिकीतली पिशवी घेतली. म्हणाली, “बाबा, आरसा बसवून घ्या.”

तो हो म्हणाला. तिनं आपल्याला माफ केलं की नाही, हे त्या वाक्यावरून ठरवता येईना. आपण सुखरूप असावं असं तिला वाटतं एवढं कळलं, आणि यापुढं त्या सीटवर ती बसणार नाही, हेही. परतीच्या वाटेवर कोंबड्यांच्या गाडीमागं त्याला दोन तास लागले.

आरसा शिवाप्पानं आणून दिला. त्याचा दांडा मात्र अवधूतनं स्वतः केला, कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. तो पुरेसा लांब हवा, हलला तर चित्र थरथरणार, म्हणून दोन वेळा मोडून नवा केला. पहिल्या दोन्हींना सवयीनं लाल चिठ्ठ्या बांधल्या. खरवडलेल्या पत्र्यावर भोकं पाडायला शिवाप्पा कचरत होता. ती अवधूतनंच पाडली. मग सीटवर बसून पाहिलं. आरशाच्या गोलात समोरचा अख्खा रस्ता आला होता, लहान आणि उलटा, पण स्वच्छ. शिवाप्पा म्हणाला, सहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, अण्णा. मग तेव्हा मिळालेलं उत्तर आठवून तो पाना शोधायला आत गेला.

सोमवारी पावणेसहाला अवधूत निघाला. होसूर रोडला विटांची लॉरी पुढं होती. त्यानं आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता. तरी तो थोडा थांबला, पुन्हा पाहिलं, आणि गाडी बाहेर काढली. एका दमात ती लॉरीच्या पुढं गेली; त्या इंजिनात किती जोर आहे हे तो विसरला होता. मग दुसरी लॉरी, मग सिमेंटची तिसरी. कोणी काही म्हणत नव्हतं आणि तो पुढं जात होता.

बोम्मसंद्र्याला पोहोचला तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. पाळी आठची. कारखान्याचं गेट अजून उघडलं नव्हतं. राखणदारानं आतूनच हात करून थांबायला सांगितलं. अवधूतनं गाडी भिंतीच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि गेट उघडेपर्यंत तिथंच बसून राहिला.